‘अमेरिकेत बंदी असलेले’ मानेचे इंजेक्शन : त्या संदेशातील खरे आणि खोटे

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षघडांची विरळणी सुरू झाली, की निफाड-दिंडोरीकडून मानेची नस दबलेले लोक माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येऊ लागतात. आधीच मणक्यांमधील गादी सरकलेली असेल, तर दिवसभर मांडवाखाली मान वर करून काम केल्यावर खांद्यापासून बोटांपर्यंत चमका मारतात. गेल्या आठवड्यात आलेले एक बागायतदार दुखऱ्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवूनच बसले होते, कारण हात तसा धरला की नसेवरचा ताण सैलावतो आणि कळ कमी होते. दुसऱ्या हाताने त्यांनी मोबाइल पुढे केला आणि विचारले, “मॅडम, हे खरं आहे का?”

त्यांना डॉक्टरांनी मानेतील स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले होते. मोबाइलवरील संदेशाचे म्हणणे असे, की अमेरिकेने २०१४ साली या इंजेक्शनवर बंदी घातली आहे, ते घेतल्यास अर्धांगवायू ठरलेला आहे, स्टेरॉइडने हाडे पोकळ होतात, हा सारा पैशांचा खेळ आहे, आणि त्यापेक्षा जाणकाराकडून मान ‘मोडून’ घ्यावी.

बंदीची गोष्ट खरी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २३ एप्रिल २०१४ रोजी इशारा दिला, की मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत (मानेचे हे इंजेक्शनही तेथेच देतात) स्टेरॉइड दिल्यास दृष्टी जाणे, पक्षाघात, लुळेपणा आणि मृत्यू असे गंभीर परिणाम क्वचित होऊ शकतात, आणि ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात छापणे बंधनकारक केले. या जागी स्टेरॉइड देण्यास त्या संस्थेने मान्यता दिलेली नाही, हेही तितकेच खरे आहे. परंतु मान्यतेबाहेरचा वापर तेथील डॉक्टर कायद्याने करू शकतात आणि करतातही.

अर्धांगवायूचा मुद्दा मात्र ‘अफवा’ म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. मानेत सुई नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक मागून, मणक्यांच्या कमानींमधून. दुसरा बाजूने, नस ज्या छिद्रातून बाहेर पडते तेथून. बाजूच्या मार्गालगतच मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणारी धमनी वर जाते, आणि मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या त्या छिद्रातूनच आत शिरू शकतात. त्यांपैकी एखादीत औषध गेले तर पुढे काय होईल, हे बऱ्याच अंशी कुपीतील औषधावर ठरते. मेथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोनची कुपी थोडा वेळ उभी ठेवली, तर तळाशी पांढरा साका बसतो आणि हलवली की औषध पुन्हा दुधासारखे होते. डेक्सामेथासोन मात्र पाण्यासारखे नितळ राहते. त्या साक्यातील कण धमनीत गेले, तर बारीक फांद्या बुजून मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

म्हणूनच अमेरिकी तज्ज्ञांच्या गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत मानेच्या बाजूच्या मार्गाने कणयुक्त स्टेरॉइड देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. मागील मार्गही निर्धोक नाही. त्यात सुई मज्जारज्जूला लागणे, रक्त साकळणे किंवा संसर्ग होणे असे धोके राहतातच. त्यासाठी आधीचा एमआरआय पाहून, सी-आर्मखाली (सुई कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारे क्ष-किरण यंत्र) डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, सोडून सुईची जागा तपासावी, सुई सहाव्या-सातव्या मणक्यांमधील जागेच्या वर नेऊ नये आणि शक्यतो त्याखालील रुंद जागा निवडावी, आणि रुग्णाला दुखले-खुपलेले सांगता येईल इतपतच गुंगी द्यावी, असा या तज्ज्ञांचा आग्रह आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायला हवे. त्या परस्पर बंद करणे वेगळेच संकट ओढवून घेणे आहे. त्या बागायतदारांना मी एवढेच सुचवले, की मार्ग कोणता, कुपी कोणती आणि सी-आर्म आहे का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

हाडे एका इंजेक्शनने पोकळ होत नाहीत. ती भीती वारंवार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्याची आहे. मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे त्या संदेशात असायला हवे होते.

पैशांच्या आरोपामागे एक रास्त प्रश्न दडलेला आहे : फायदा किती? येथे माझाही व्यवसाय गुंतलेला असल्याने वाचकांनी माझे म्हणणे थोडे पारखूनच घ्यावे. नस दबल्याची कळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत-महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. मानेतील इंजेक्शनांबाबतचा पुरावा कमरेच्या तुलनेत तोकडा आहे, आणि २०२५ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी अशी इंजेक्शने देऊ नयेत, असाच कौल आहे. असह्य कळेच्या दिवसांत थोडी उसंत मिळावी म्हणून विचारपूर्वक घेतलेले इंजेक्शन आणि दर दोन महिन्यांनी ‘अजून एक’ हे दोन्ही एका मापाने मोजू नयेत. हाताची पकड सैल होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर इंजेक्शनचा वाद बाजूला ठेवून तातडीने मणक्याच्या शल्यविशारदाकडे जावे.

राहिला मान मोडून घेण्याचा सल्ला. इंजेक्शन देताना जिला जपावे लागते, तीच धमनी मानेला झटका दिल्यावर आतून चिरल्याच्या आणि त्यातून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सलूनमध्ये दाढीनंतर हनुवटी धरून ‘कट्’ असा आवाज काढणाऱ्याकडे सी-आर्म नसते, डाय नसते आणि एमआरआय त्याने कधी पाहिलेलाही नसतो.