वादळ आलं नाही म्हणून निघालेले वेडे ठरत नाहीत

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे कुठल्यातरी वेबसाइटवरचा लाल-जांभळा गरगरणारा नकाशा. आणि दुसरी, "निसर्गच्या वेळी काय झालं होतं? चार झाडं पडली, बस्स!" त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. मग कोणीतरी भजी तळायला घेतल्याचा फोटो टाकतं. भज्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या चार झाडांबद्दल आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात. ताशी १००-११० किलोमीटरचा वारा, मधूनच १२० चा झोत. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला किती वर्षं घेतं, हे वाडीवाल्याला विचारा. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. "चार झाडं" हे फक्त नेरूळमध्ये बसून म्हणता येतं.

आपण का वाचलो, हे एकदा नीट समजून घेतलं तर हसू जरा आवरतं घेता येईल. आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. पश्चिम किनाऱ्यावर वादळ जिथे जमिनीवर चढतं, त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी आत ढकलतो. उत्तरेला तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. निसर्ग आपल्या दक्षिणेला गेलं, म्हणजे आपण त्याच्या सौम्य बाजूला होतो. बाकी मुंबादेवी, एकवीरा आई यांच्यावर माझीही श्रद्धा आहे. पण आईने ते आपल्यावरून उचलून दिवेआगरवर टाकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेच वादळ वसई-पालघरकडे चढलं असतं तर आपण दक्षिणेला आलो असतो. समोर ठाण्याची खाडी, तोंडाशी रुंद आणि ठाण्याकडे जाताना अरुंद होत जाणारी. आत घुसलेलं पाणी पसरणार कुठे? नवी मुंबईचा बराच भाग सखल, भराव टाकून केलेला. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने त्यासाठीच धारण तलाव बांधले, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना दारं बसवली. त्या तलावांत आज गाळ आणि खारफुटी किती माजलीय, ते संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला की बेलापुरात, वाशीत काय होतं, ते बघायला चक्रीवादळाचीही गरज लागत नाही.

आता टॅम्पाबद्दल सांगते. माझी धाकटी बहीण अमेरिकेत, फ्लोरिडात टॅम्पाला राहते. तिथेही पश्चिम किनारा, तिथेही शहराच्या पोटात घुसलेली उथळ खाडी, आणि तिथेही अशीच एक श्रद्धा. मूळ रहिवाशांच्या जुन्या टेकाडांमुळे शहराला संरक्षण आहे, असं लोक सांगतात, कारण १९२१ नंतर मोठं हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, थेट तिथे धडकलंच नव्हतं. म्हणजे त्यांची मुंबादेवीच.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलेन नावाचं हरिकेन आलं. ते जमिनीवर चढलं टॅम्पाच्या उत्तरेला, दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. एवढ्या लांबच्या वादळाने काय होणार म्हणून किनाऱ्यावरचे बरेच लोक घरीच थांबले. पण शहर वादळाच्या दक्षिणेला होतं. खाडी घरांत शिरली आणि काही माणसं स्वतःच्या घरात बुडून गेली. दोन आठवडे झाले नाहीत तोच मिल्टन. समुद्रात असताना ते सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीला पोहोचलं आणि नकाशावरची रेघ सरळ टॅम्पावर होती. १०-१५ फूट पाणी चढेल असा इशारा होता.

त्या दोन दिवसांत बहिणीचे आणि माझे फोन चालूच होते. तिच्या सासूबाई इथून सहा महिन्यांसाठी गेलेल्या, गुडघ्यांनी बेजार. नवरा म्हणे, हायवे तुंबलाय, पंपांवर पेट्रोल नाही, अडकलो तर आईला घेऊन रस्त्यावर रात्र काढायची का? सासूबाईंचं वेगळंच. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलायचा की नाही? उचलला तर घर सोडल्यासारखं होतं, ठेवला तर देवाला बुडवल्यासारखं. शेवटी बाळकृष्ण डब्यात, डबा गोळ्यांच्या पिशवीत, पिशवी सासूबाईंच्या मांडीवर. आणि गेले कुठे? शंभर कोसांवर नाही. पाणी चढण्याच्या पट्ट्याबाहेर, अर्ध्या तासावर एका मराठी कुटुंबाकडे. तिथल्या यंत्रणाही हेच सांगतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. पाण्याच्या पट्ट्यातून बाहेर पडून पक्क्या घरात शिरलं की पुष्कळ झालं, राज्य ओलांडायची गरज नाही.

९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला, 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर चढलं. म्हणजे आपलं निसर्गच. टॅम्पाच्या खाडीतलं पाणी वाढायच्या ऐवजी ओसरलं, तळ उघडा पडला. बहिणीचं घर कोरडं राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय? "बघ, उगाच म्हातारीला हलवलंत."

हा "उगाच" मला मान्य नाही. वादळाचा मार्ग कोणालाच रेघ मारून सांगता येत नाही. हवामान खातंही रेघेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतं. घर सोडायचं तर वारा सुटायच्या आधी सोडावं लागतं, साधारण एक दिवस आधी, आणि त्या वेळी पन्नास-साठ किलोमीटरचा फरक पडणं अगदी सामान्य आहे. तेवढ्या फरकात मुंबईचं अलिबाग होतं आणि अलिबागचं मुंबई. त्यामुळे जो वेळेवर निघतो, तो बहुतेक वेळा वादळ न बघताच परत येणार. ज्याला खात्री झाल्यावर निघायचंय, त्याच्या दाराबाहेर तोवर पाणी असतं. निघालेल्याला आपण हसतो तेव्हा फक्त तो एक माणूस खजील होत नाही. पुढच्या वेळी अख्खी वाडी जागची हलत नाही.

पण ऊठसूट सगळ्यांनीच गाड्या काढाव्यात असंही मी म्हणत नाहीये. २००५ मध्ये अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर बुडवणारं कॅटरिना हरिकेन नुकतंच होऊन गेलं होतं. त्या धास्तीने पुढच्या रीटा वादळाच्या वेळी टेक्सासमधल्या ह्यूस्टन आणि आसपासचे पंचवीस लाखांवर लोक एकदम रस्त्यावर आले. उन्हात तासन्‌तास कोंडी. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन जाणारी एक बस पेटली, त्यात २३ जण गेले. वादळ पूर्वेला सरकलं, आणि त्याने नेले त्याहून जास्त जीव त्या पलायनाने नेले. म्हणूनच २०१७ मध्ये हार्वेच्या वेळी तिथल्या महापौरांनी शहर सोडायचा आदेशच दिला नाही. मग शहर पावसाच्या पाण्यात गेलं आणि त्यावर लोक अजून वाद घालतात. पाम बीच रोड, वाशीचा पूल आणि सायन-पनवेल हायवेवर रोज संध्याकाळी जे चालतं, ते बघता नवी मुंबईचं ह्यूस्टन व्हायला वादळसुद्धा लागणार नाही, नुसती अफवा पुरे.

माझं म्हणणं इतकंच की निघणं स्वस्त करा. महाग असलं की माणूस नकाशा बघून नाही, खर्च बघून ठरवतो.

निसर्गच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी खाडीच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राहतात. लॉकडाऊन होतं, त्या कामावर येत नव्हत्या. मी फोन केला, मावशी, शाळेत जागा केलीय म्हणतात, जा ना. त्या म्हणाल्या, "ताई, शाळेत पन्नास माणसं एका खोलीत. इथं वाऱ्यानं मरायचं का तिथं करोनानं?" मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. नुकताच भरलेला सिलिंडर. खोलीला कुलूप लावून गेलं आणि परत आल्यावर आत दुसरंच कोणी असलं तर? वयात आलेली मुलगी, आणि शाळेतल्या संडासाला कडी नाही. शेळीला शाळेत घेत नाहीत. या एवढ्या यादीत वारा कुठेच नव्हता. शेवटी मुलगी आणि धाकटा कोपरखैरण्याला बहिणीच्या पक्क्या घरात गेले, आणि नवरा-बायको खोलीतच थांबले, पत्र्यावर विटा, जुने टायर आणि पाण्याने भरलेले कॅन ठेवून. पत्रा उडाला तर त्याच विटा कोणाच्या डोक्यात बसतील, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

न्यू ऑर्लिन्समध्ये कॅटरिनाच्या वेळी मागे राहिले ते कोण? ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते, म्हातारे, आजारी. महिनाअखेर होती, हातात पैसे नव्हते. कित्येकांनी कुत्र्या-मांजरांना सोडून जायला नकार दिला. तो इतका मोठा प्रश्न ठरला की पुढच्या वर्षी अमेरिकेला कायदा करावा लागला, स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीने करायचा म्हणून. मावशींच्या शेळीला वॉशिंग्टनमध्ये न्याय मिळाला, तुर्भ्यात अजून बाकी आहे.

ओडिशाने हे आपल्याआधी ओळखलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिनच्या आधी सुमारे दहा लाख लोक हलवले, २०१९ मध्ये फनीच्या आधी बारा लाख, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर आला. तिथली माणसं आपल्यापेक्षा जास्त घाबरट आहेत का? गावाजवळ पक्का निवारा आहे, त्याच इमारतीत एरवी पोरं शाळा शिकतात, बोलवायला गावातलाच ओळखीचा स्वयंसेवक येतो आणि गेल्यावर शिजवलेलं अन्न मिळतं. मग निघायला फार विचार करावा लागत नाही.

आणि ज्यांना विचार करायची मुभाच नसते त्यांचं काय? १७ मे २०२१, तौक्ते. ते आपल्यापासून लांबून, समुद्रातून वर गेलं आणि गुजरातेत उनाजवळ चढलं. तरी मुंबईची दाणादाण उडाली, कारण आपण त्याच्या वाईट बाजूला होतो. इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. कोळ्यांच्या होड्या बंदरात परतल्या. पण मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा (बार्ज) जागेवरच राहिला, २६१ माणसांसह. नौदलाने त्या खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना जिवंत काढलं. सत्तरहून जास्त गेले. त्यांतल्या वेल्डरला, फिटरला, स्वयंपाक्याला कोणी विचारलं होतं, निघायचं का म्हणून? "आपण निघायचं की थांबायचं" यावर ग्रुपवर चर्चा करता येणं हीच आपली श्रीमंती आहे, हे माझ्या नवव्या मजल्यावरून मला नीट दिसतं.

त्या नवव्या मजल्यावरून मी निघणार नाही, हेही सांगून टाकते. पाणी तिथवर येत नाही, इमारत पक्की आहे. वाऱ्याची गोष्ट वेगळी. तौक्तेच्या दुपारी आमच्या वरच्या एका घरात सरकती काच चौकटीसकट आत आली. सोफ्यावर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यामुळे खिडकीपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये बसायचं, लिफ्ट वापरायची नाही, पंप बंद पडणार म्हणून पाणी भरून ठेवायचं. पण तळमजल्यावरच्या काकांचं काय? त्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेल्यावर त्यांना कोण, कुठे, कोणत्या गाडीतून नेणार, हे आकाश निरभ्र असतानाच ठरायला हवं. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक खोली कबूल केलीय. बॅटरी बॅकअपचं काम माझ्याकडे आहे. तळमजल्यावरून तिसऱ्या-चौथ्यावर जाणं हेही निघणंच आहे, आणि त्याला पेट्रोल लागत नाही.

राहता राहिलं आमचं क्लब हाऊस. जनरेटर आहे, दोन संडास आहेत, दोन्हींना कडी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे: लाल इशारा जाहीर झाला की क्लब हाऊस आपल्या वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या बायकांच्या कुटुंबांना खुलं करायचं, इशारा उतरेपर्यंत. आत्तापर्यंत कानावर आलेले आक्षेप असे: चोऱ्या होतील, लाकडी फरशी खराब होईल, एकदा आत घेतलं की बाहेर कसं काढणार, आणि "नियमात बसत नाही". फरशीवर अंथरायला ताडपत्री मी देते. उरलेल्यांची उत्तरं सभेत देईन. शेळीचा विषय मात्र मी मुद्दाम ठरावात घातलेला नाही, तो ऐन वेळी बघू.

ठाण्यात, नवी मुंबईत कोणाच्या सोसायटीने असा ठराव आधीच केला असेल तर त्याचा मसुदा मला पाठवा. आमच्याकडे शब्दांवरून भांडणारे फार आहेत, तयार कागद हातात असला की निम्मी सभा वाचेल.