गॅलरीतली संक्रांत

आमच्या घरी काळा कपडा वर्षातून एकदाच बाहेर निघतो, मकरसंक्रांतीला. त्यामुळे भाचीचा फोन आला, "मामा, माझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन तूच करायचं, आणि काळं घाल, तिथं सगळे काळंच घालतात," तेव्हा भर नोव्हेंबरात डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट कुर्ता काढावा लागला.

हिनं मात्र साफ सांगितलं, "पोरीचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि मी काळं नेसू?" पैठणी नेसून, न्हाणीघराच्या आरशावर चिकटवून ठेवलेल्या सात-आठ टिकल्यांतली त्यातल्या त्यात ताजी लावून ही निघाली.

दोन तास आधीच पोचलो. म्हणून सरावासाठी काळा घोड्याच्या जहांगीरमध्ये शिरलो. १९५२ पासून ही गॅलरी आमच्यासारख्यांना सांभाळून घेत आली आहे. तिकीट नाही, कुणी काही विचारत नाही, आणि चित्रातला घाट हा घाटच असतो. खरं तर लग्नाआधी आम्ही यायचो ते आतल्या समोवारमधल्या पराठ्यांसाठी. १९६४ साली सुरू झालेलं ते उपाहारगृह २०१५ साली बंद झालं आणि आमचा कलेशी संबंध जवळजवळ संपला. एका चित्राच्या पाटीशेजारी लाल ठिपका होता. "इथंही टिकली?" हिनं विचारलं. चित्र विकलं गेल्याची खूण असते ती, असं मी सांगितलं. पण ही तोवर पुढच्या घाटावर पोचली होती.

मग फोर्टातली खासगी गॅलरी. (नाव सांगत नाही, अजून जायचंय तिथं.) अशा गॅलरीत पहिली परीक्षा दार शोधण्याची. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूला लाकडी जिना, वर बेल. आत पांढऱ्या भिंती, हाडं गोठवणारा एसी आणि बसायला काही नाही. एक स्टूल दिसलं, मी टेकलो. घाबरू नका, ती कलाकृती नव्हती. वॉचमनचं होतं, आणि तो ते मागायला आला.

भिंतीवर टिपण होतं: 'देह आणि डेटा यांच्यामधल्या अवकाशाची विरचना'. प्रत्येक शब्द मराठी, अर्थ शून्य. माणसं मात्र खरोखरच सगळी काळ्यात. तिळगूळ तेवढा नव्हता.

भाचीची कलाकृती म्हणजे छत्तीस बारके पडदे आणि प्रत्येकावर एक मिटलेला डोळा. "फीत नाही, समई नाही. मामा, तू नुसता पुढं हो. डोळे उघडतील, तेच उद्घाटन."

मी पुढं झालो. डोळे मिटलेलेच. हात हलवला, खाकरलो, दोन पावलं मागं जाऊन पुन्हा आलो. छत्तीसच्या छत्तीस गाढ झोपेत. छत्तीसचा आकडा म्हणजे काय ते त्या दिवशी उमगलं. मागं चाळीस माणसं गंभीरपणे बघत होती. एकानं तर वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनीही आळीपाळीनं पुढं येऊन पाहिलं. एक डोळा अर्धवट उघडला, वैतागल्यासारखा, आणि पुन्हा मिटला.

भाची माझ्या कुर्त्याकडं बघत मटकन जमिनीवर बसली. सेन्सर म्हणे न दिसणारे किरण सोडतो. ते माणसावर आपटून परत आले की त्याला कळतं, कुणीतरी आलंय. काळ्या कापडात ते बरेचदा जिरून जातात. "पण घरी तर चालत होतं गं?" मी विचारलं.

"घरी बाबा होते समोर. पांढऱ्या बनियनमध्ये."

मी धीर देऊ लागलो, तर तीच मला देऊ लागली. १९६० साली जाँ टिंग्ली नावाच्या शिल्पकारानं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःच स्वतःला मोडून टाकणारं भलंमोठं यंत्र उभं केलं. ते धड मोडेसुद्धा ना, पेट मात्र घेतला. शेवटी अग्निशमनवाल्यानं विझवलं. आडनावातच टिंगल असलेल्या माणसाचा आधार किती घ्यायचा, हा विचार मी मनातच ठेवला.

एवढ्यात प्रसाधनगृह शोधत ही तिथून चालली. जरीचा पदर भिंतीसमोरून गेला मात्र, छत्तीस डोळे खाडकन उघडले. ही थबकली. डावीकडं सरकली, डोळे डावीकडं वळले. टाळ्या सुरू झाल्या, मोबाइल वर झाले.

"मामी, हलू नकोस!"

इतके डोळे एकदम रोखल्यावर एसीतही हिला घाम फुटला. हिनं कपाळावरची टिकली काढली, पदरानं घाम टिपला आणि आरशाच्या सवयीनं टिकली समोरच्या भिंतीवर चिकटवून दिली. अगदी पाटीशेजारी.

गर्दी ओसरल्यावर लॅपटॉपवाली मुलगी पहिल्यांदाच मान वर करून, हसत हसत माझ्याकडं आली. "सर, बिल कुठल्या नावानं करू?"

हातातल्या यादीत आकडा होता २,४०,०००. खाली बारीक अक्षरात, अधिक जीएसटी.