ओढा कसा पुसावा

नव्या गृहप्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासणं लोक उगाच अवघड करून सांगतात. आमच्या शेजारी टेकडीखाली टाउनशिप येतेय. तिचा अहवाल मी गेल्या आठवड्यात रात्री दीडपर्यंत जागून वाचला, 212 पानं. आता मी तज्ज्ञ आहे. तुम्हालाही करतो, फुकटात.

आधी आकडा सांभाळा. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या आत राहिलं तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीच लागत नाही. तेव्हा 19,800 चे तीन 'स्वतंत्र' प्रकल्प दाखवा. गेट एक, क्लब हाऊस एक, मालक एक, फक्त इमारती एकमेकींना ओळख देत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांना हे साधलं नाही. ते दीड लाखाच्या वर गेले, म्हणून बिचाऱ्यांना सविस्तर अहवाल करावा लागला.

अहवाल करणं म्हणजे जुन्या अहवालातलं नाव बदलणं. सगळं वाचून बदलायलाच हवं असं नाही. आमच्या अहवालात पान 88 वर छापलंय, 'प्रकल्पामुळे खारफुटीवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.' पुण्यात. खरंच आहे म्हणा, नाही होणार.

वाहतुकीची मोजणी रविवारी सकाळी सहाला करा.

झाडं तोडायची नसतात, 'पुनर्रोपण' करायची असतात. दोन पावसाळ्यांनी बघायला कुणी येत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा. माणशी रोज 135 लिटर, गुणिले पाच हजार माणसं, झाले पावणेसात लाख लिटर. 'स्रोत' या रकान्यात 'महानगरपालिका' लिहा. तीच महानगरपालिका आम्हाला दिवसाआड पाऊण तास पाणी देते. बाकीचा स्रोत पहाटे पाचला रिव्हर्सचा हॉर्न वाजवत येतो, पण त्याच्यासाठी रकाना नाही.

आता खरं कसब. ओढा.

हवा, पाणी, आवाज यांच्या नोंदी एका हंगामाच्या चालतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा असतो. केवढी सोय! तुम्ही एप्रिलमध्ये या. ओढ्यात दोन म्हशी, एक फाटकी गादी आणि गेल्या गणपतीच्या मखराचं थर्माकोल दिसेल. फोटो काढा, खाली लिहा 'हंगामी चर'. पहिल्या नकाशात निळी रेघ असेल, ती दुसऱ्यात तुटक करा, तिसऱ्यात तिच्यावर 'व्हिजिटर पार्किंग' लिहा. मनचं सांगत नाही, तिन्ही नकाशे माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी स्वतः जाऊन ओढा पावलांनी मोजून आलो. या काठापासून त्या काठापर्यंत एकोणीस पावलं. अहवालात त्याच्या जागी 900 मिलिमीटर व्यासाचे दोन पाइप आहेत. एकोणीस पावलांचं पाणी दोन पाइपांत मावणार कसं? नाही मावत. ते आमच्या पार्किंगमध्ये येतं. गेल्या जूनमध्ये आलं होतं, तेव्हा वरच्या अंगाला अजून एक वीटही लागलेली नव्हती, नुसता मुरमाचा भराव टाकला होता. रात्री अकराला बेसमेंटमध्ये छातीएवढं पाणी, स्कूटर तरंगतायत, आणि वॉचमनकाका नातीचं दप्तर डोक्यावर धरून जिन्यात उभे. दप्तर वाचलं, खोलीतली वह्यापुस्तकं नाही वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती कठड्यावर वाळत घातली, पानं उलटून उलटून. गाडीच्या इन्शुरन्सवाला फोनवर विचारतो, "नदीजवळ राहता का?" नाही हो! चराजवळ राहतो! हंगामी चराजवळ!

आणि 25 सप्टेंबर 2019 ची रात्र विसरलात का सगळे? त्या रात्री फुगून घरांत शिरलेला पुण्याचा आंबील ओढासुद्धा उन्हाळ्यात नालाच दिसतो. त्या एका पावसात पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. माणसं! एप्रिलचे फोटो कसले लावता?

असो. टिपांकडे वळू.

जनसुनावणीला घाबरू नका, कारण घरांच्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. हे मला कार्यालयातल्या साहेबांनी खुर्चीतून न हलता सांगितलं. "काका, लेखी द्या." दिलं. पोच मिळाली. पोच छान आहे, शिक्का अगदी सरळ बसलाय.

मंजुरीनंतर दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. मागचाच पाठवा, तारीख बदलून.

पुरे झालं. ज्यांनी हे केलं त्यांना माझ्या टिपा कशाला हव्यात? पर्यावरणाची पदवी घेतलेल्या, पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं हे पक्कं माहीत असलेल्या माणसांनी त्या अहवालावर सह्या केल्यात. दोन पाइप लिहिताना हात थांबला नाही तुमचा? आणि आमच्या सोसायटीतले तिघं! जूनमध्ये माझ्याबरोबर बादल्या उपसत होते, परवा त्याच टाउनशिपमध्ये बुकिंग करून आले. म्हणे, अकरावा मजला आहे, आपल्यापर्यंत पाणी येत नाही. नाही येणार. खाली आमच्याकडे येईल, तुमच्याच पाइपांतून न मावलेलं. लाज वाटू द्या थोडी.

सही करणाऱ्यांनी एकदा आमच्या बेसमेंटमध्ये यावं. जुलैत नको, हवं तर एप्रिलमध्येच या, तुमच्या सोयीने. भिंतीवर चिखलाची रेघ अजून तशीच आहे, रंगाची वर्गणी जमलेली नाही. वॉचमनकाका दाखवतील. त्या रेघेला खांदा लावून उभे राहा आणि त्यांच्या तोंडावर म्हणा, "चर."