इंडोनेशियात म्हणे तलवार चाललीच नाही

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "इंडोनेशियात एकही मुस्लिम सैन्य गेलं नाही, व्यापाऱ्यांची सचोटी बघून लोक आपणहून मुसलमान झाले, भांडण नाही तंटा नाही." यात थोडं खरं आहे म्हणून तर खपतं.

सैन्य गेलं नाही हे बाहेरच्या सैन्यापुरतं बरोबर. पण तिथले सुलतान काय हातावर हात ठेवून बसले होते? जावा बेटावरच्या देमाक या मुस्लिम सल्तनतीने 1527 च्या सुमारास मजापहितचं (जावातलं जुनं हिंदू-बौद्ध साम्राज्य) उरलंसुरलं राज्य संपवलं, त्याच वर्षी सुंदा कलापा बंदर घेतलं (आजचं जकार्ता), आणि त्यांचा सुलतान त्रेंगाना 1546 मध्ये मेला तोही पूर्व जावाच्या मोहिमेवरच. सुलावेसी बेटावरच्या गोवाचा राजा (आपलं गोवा नव्हे, मकास्सारवालं) 1605 ला मुसलमान झाला आणि 1611 पर्यंत शेजारच्या बुगी राज्यांना लढाया करून इस्लाम घ्यायला लावला.

आता सचोटी. अरब जहाजं 9व्या शतकातच त्या समुद्रातून चीनला जायची, पण सुमात्रातल्या पासै बंदराचा सुरुवातीचा मुस्लिम राजा, सुलतान मलिक अस-सालिह, त्याची कबर आहे 1297 ची. मग मधली 400 वर्षं व्यापारी काय लबाड होते? खरा फरक पडला बंदरांच्या राजांमुळे. खंबातचं कापड आणणारे, मसाला नेणारे बरेच व्यापारी मुस्लिम, ते आपल्या बंदरात टिकावेत म्हणून राजे त्यांना मान द्यायचे, सोयरीक करायचे, आणि राजाने धर्म घेतला की दरबार मागोमाग. आणि हो, "सगळं तलवारीच्या जोरावर झालं" असा उलटा फॉरवर्ड टाकणाऱ्यांनीही ऐका, मजापहित ऐन भरात होतं तेव्हाच राजधानीजवळ त्रालायाला मुस्लिम कबरी होत्या, 14व्या शतकातल्या, तिथे कुणी तलवार घेऊन गेलं नव्हतं.

"भांडण नाही" हे तर सगळ्यात कच्चं. पोर्तुगीज अल्बुकर्कने 1510 ला आपलं गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का, मलय किनाऱ्यावरचं मोठं मुस्लिम बंदर. मुस्लिम व्यापारी तिथनं उठून आचे, बांतेन, ब्रुनेईकडे वळले, ती बंदरं फुगली आणि पोर्तुगीजांशी वैर हाच त्यांच्या धर्माचा भाग होऊन बसला. तेर्नाते या मसाल्याच्या बेटावर पोर्तुगीजांनी 1570 मध्ये सुलतान खैरूनला दगा देऊन मारलं, त्याच्या मुलाने, बाबुल्लाहने, किल्ल्याला वेढा घालून 1575 ला त्यांना हाकललं, आणि त्या भागात इस्लामचा जोर वाढला तो ह्यानंतर.

ब्लांबांगन तर भारीच. जावाचं ते शेवटचं हिंदू राज्य 18व्या शतकात डच कंपनीने घेतलं, आणि शेजारच्या हिंदू बालीशी संबंध तुटावा म्हणून तिथल्या सरदारांना मुसलमान व्हायला प्रोत्साहन दिलं कंपनीनेच!