योग्य एकक निवडा

‘खालील वस्तूंची लांबी मोजण्यासाठी योग्य एकक निवडा.’ इतकं सभ्य वाक्य तिसरीच्या गणितात दुसरं नसेल. ना हातचे, ना बाकी, ना नळ आणि टाकी. चार वस्तू, पुढे कंसात चार पर्याय : मिमी, सेंमी, मी, किमी. पोरीने गोल करावेत, बापाने खाली सही ठोकावी, विषय संपला. आमच्या घरात मात्र हा प्रश्न उघडला आणि बघता बघता त्याच्याभोवती आजी, आजोबा, स्टीलची टेप आणि फ्रेंच राज्यक्रांती अशी सगळी मंडळी येऊन बसली.

पहिली वस्तू पेन्सिल. कन्येने बिनधास्त ‘मिमी’ला गोल केला.

‘अगं, पेन्सिल सेंटिमीटरमध्ये मोजतात.’

‘मिलिमीटरमध्ये मोजली तर काय होतं?’

काही होत नाही, हेच तर दुखणं आहे. १८ सेंटिमीटर म्हणा नाहीतर १८० मिलिमीटर, पेन्सिलीला काडीचा फरक पडत नाही. पण पुस्तकाच्या लेखी उत्तर एकच. मग मी मोठ्या माणसांच्या ठेवणीतलं एक वाक्य बाहेर काढलं. ‘असं बघ, आकडा सोयीचा यायला हवा.’

‘सोयीचा म्हणजे छोटा?’

‘हो, साधारण तसंच.’

‘मग किलोमीटर घेऊ. त्यात सगळ्यांत छोटा येईल.’

करून दाखवावं लागलं. ०.०००१८ किलोमीटर. शून्यांची ती माळ बघून ती इतकी खूश झाली की उत्तर म्हणून तेच लिहिणार होती. ओळीवर जागा पुरली नाही म्हणून वाचलो. दुसरी वस्तू मुंगी. त्यावर ‘कुठली मुंगी?’ हा प्रश्न आला, आणि तो मला तरी रास्त वाटला. दार आणि दोन शहरांमधलं अंतर यांवर आमचं एकमत झालं. निदान त्या संध्याकाळपुरतं.

पुस्तक असं धरून चालतं की प्रत्येक वस्तू आपलं एकक कपाळावर लिहूनच जन्माला येते. पेन्सिल आली की सेंटिमीटर, रस्ता आला की किलोमीटर. हे एकदा पोराच्या डोक्यात बसवलं की त्याला घराबाहेर नेऊ नये. आमची कन्या गाडीशेजारी उकिडवी बसली आणि टायरवरची अक्षरं मोठ्याने वाचू लागली : २०५/५५ आर १६. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आणि १६ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, तो इंचांत. एवढ्याशा वर्तुळात तीन कारभारी, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. टीव्ही विकतात तो कर्णाच्या इंचांवर, पण तो किती पातळ आहे हे सांगताना मिलिमीटर काढतात. विमानाची उंची फुटांत आणि अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, जमिनीवरच्या मैलाहून जवळजवळ अडीचशे मीटर जास्त.

धावण्याच्या शर्यतींचं तर विचारूच नका. मैदानातल्या ट्रॅकवर पळालात तर ती १०,००० मीटरची शर्यत. तेवढंच अंतर रस्त्यावर पळालात तर १० किलोमीटर. दम दोन्हीकडे सारखाच लागतो. एव्हरेस्ट जवळजवळ नऊ किलोमीटर उंच आहे, पण असं बोलणारा माणूस अडाणी ठरतो. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून त्याची उंची जाहीर केली ती ८८४८.८६ मीटर. दोन देश त्या शेवटच्या सहा सेंटिमीटरपर्यंत उतरले, आणि इथे आमच्या पोरीने पेन्सिलीसाठी मिलिमीटर मागितला की फुली.

मला विचाराल तर एकक वस्तूवर ठरतच नाही. कोण मोजतंय आणि कशासाठी, यावर ठरतं. दार ‘दोन मीटर आहे’ असं पाहुण्याला सांगून भागतं. तेच दार बसवणाऱ्याला मात्र मिलिमीटर हवा, कारण तीनचार मिलिमीटर जास्त झाले तर ते दार जन्मात लागणार नाही. जेवढ्या फरकाने आपलं काम अडतं, तेवढ्या मापाचं एकक घ्यायचं. हे मी कन्येला समजावून सांगितलं आणि ते तिला फार पटलं. इतकं की तिने प्रत्येक वस्तूपुढे पेन्सिलीने लिहिलं : ‘कोण विचारतंय?’ ते खोडून घेण्यात पुढचा बराच वेळ गेला.

निवडून झालं की मोजायचं. पट्टी ही वस्तू दिसते तितकी गरीब नाही. तिच्यावरचं शून्य तिच्या टोकाला नसतं. टोकापासून शून्याच्या रेघेपर्यंत थोडं कोरं प्लास्टिक सोडलेलं असतं, म्हणजे टोक झिजलं तरी शून्य शाबूत राहावं. पोरं नेमकं ते टोकच वस्तूला भिडवतात आणि लांबी काही मिलिमीटरांनी कमी भरते. हुशार पोरं शून्य म्हणजे काहीच नाही असं शिकलेली असतात; ती सरळ १ पासून सुरुवात करतात आणि लांबी अख्खा सेंटिमीटर जास्त आणतात. तिसरा एक पंथ आहे, तो रेघा मोजतो. पाच सेंटिमीटरच्या खोडरबराला ० ते ५ अशा सहा रेघा लागतात, म्हणून उत्तर सहा. रेघा नव्हे, रेघांमधली घरं मोजायची, हे आठ वर्षांच्या मुलाला पटवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पट्टीची दुसरी कड इंचांची, आणि ती आपल्या मुलाने कधीच वापरायची नसते. तरी दर वेळी नेमकी तीच कड वर येते. बारा इंच म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, त्यामुळे ३० ची रेघ संपली तरी पलीकडे इंच अजून थोडा शिल्लक असतो. ‘हा उरलेला कुणाचा?’ असंही विचारून झालं.

टेबल पट्टीने मोजवेना, म्हणून स्टीलची टेप निघाली. तिच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, पुढेमागे हलायला हवा. तो हलतो तो मुद्दाम, स्वतःच्या जाडीइतकाच. टेबलाच्या कडेला अडकवून ओढला तर तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवून दाबला तर आत जातो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. ज्याने हे शोधून काढलं त्याला दंडवत. फक्त आमच्या आजोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एका दुपारी ‘टेप खिळखिळी झालीय’ म्हणून आकड्याचे रिव्हेट हातोडीने ठोकून घट्ट केले. तेव्हापासून आमच्या घरात आतून मोजलेलं आणि बाहेरून मोजलेलं कधी जुळत नाही. मिलिमीटरभराचाच फरक, पण आजोबा भिंतीला दोष देतात.

हा गोंधळ आजी लांबून बघत होती. तिने येऊन टेबलावर हात पसरला आणि एका दमात सांगितलं, ‘सात विती.’ कन्येने मोजलं तर दहा विती. दोघींनी पुन्हा मोजलं. आजीच्या सात सातच राहिल्या, नातीच्या कधी दहा, कधी साडेनऊ. अंगठा जरा पुढून टेकवला की अर्धी वीत वाचते, हे तिला कळलं होतं. ‘तुझं टेबल मोठं गं,’ असं म्हणून आजी निघून गेली. प्रमाणित एकक का हवं यावर पुस्तकात दोन पानं आहेत. आजीला एक वाक्य लागलं.

‘मग मीटर कुणाची वीत आहे?’ कन्येने विचारलं.

कुणाचीच नाही, आणि तीच त्यातली गंमत. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं फ्रेंचांनी १७९१ मध्ये ठरवलं. कुठल्या राजाचा हात नाही, कुठल्या सरदाराचा पाय नाही. ठरवणं सोपं होतं. मोजायला देलांब्र आणि मेशां हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये निघाले, एक फ्रान्सच्या उत्तर टोकाला डंकर्कच्या बाजूला, एक स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या; या दोन शहरांमधला तुकडा मोजायचा आणि बाकीचं अंतर हिशेबाने काढायचं. वर राज्यक्रांती पेटलेली. दुर्बिणी आणि कोन मोजायची यंत्रं घेऊन मनोऱ्यांवर चढणारा माणूस लोकांना हेर न वाटला तरच नवल. त्यांची अडवणूक झाली, धरपकडही झाली. काम १७९८ पर्यंत चाललं आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली. ती सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाली, मुख्यतः पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे हा हिशेब थोडा हुकल्यामुळे.

‘म्हणजे त्यांचं चुकलं?’ कन्या एकदम उत्साहात.

चुकलं, पण मीटर तोच राहिला. आता तर पट्टीच नाही. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो, तो मीटर. खोडरबरासाठी हे जरा जास्तच होतं. पण तिला त्या कथेतली वेगळीच गोष्ट भावली. मेशांला बार्सिलोनाच्या दोन मोजणींत तफावत सापडली होती. एवढा काटेकोर माणूस, त्याने शरमेने ती लपवून ठेवली आणि मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. त्याच्या वह्या देलांब्रच्या हाती आल्या तेव्हा ते उघड झालं.

‘आमच्या वर्गात सगळेच मेशां आहेत,’ ती म्हणाली.

हे तिने खरं सांगितलं. पुढच्या पानावर तक्ता होता : वस्तू, अंदाज, प्रत्यक्ष लांबी, फरक. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. जगात हा क्रम कुणी पाळत नाही. आधी गुपचूप मोजायचं, मग त्यात एक सेंटिमीटर इकडेतिकडे करून अंदाज लिहायचा, म्हणजे फरकाचा रकाना कसा शोभून दिसतो : १, १, २, १. फार बरोबर आलं तर संशय येतो म्हणून मध्ये एखादा ‘२’ टाकायचा. ही अक्कल मुलांना कोण शिकवतं कळत नाही, पण अंदाजाची खरी परीक्षा त्यातच असावी. आमच्या कन्येने मात्र तक्ता प्रामाणिकपणे भरला. कपाटाची उंची : अंदाज ५ मीटर, प्रत्यक्ष १ मीटर ९० सेंटिमीटर. फरकाच्या रकान्यात वजाबाकी करताना ती स्वतःच हसत होती, आणि त्यानंतर खिडकीला तिने ‘५ मीटर’ म्हटलं नाही. कपाटाकडे एकदा बघितलं आणि ‘दीड’ म्हणाली. प्रत्यक्षात दीडला जरासं कमी भरलं. कुणी न शिकवता हे तिला आलं, आणि मला ते त्या चार गोलांपेक्षा मोलाचं वाटलं.

शेवटची ओळ होती ‘घरातील एका व्यक्तीची उंची’. मला भिंतीला उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, पेन्सिलीने खूण केली. तेव्हा रात्र झाली होती. १७० सेंटिमीटर. सकाळी शाळेत जाण्याआधी खात्री करावी म्हणून तिने पुन्हा मोजलं तर १७१. टेपवर आजोबांचा हात फिरलेला, म्हणून पट्टीनेही पडताळलं. खूण खरोखरच वर होती.

यात टेपचा दोष नव्हता. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री आडवं पडल्यावर पुन्हा फुगतात. सकाळ आणि संध्याकाळ यांत माणसाच्या उंचीत सेंटिमीटरभर तफावत पडते. हे मी तिला पायमोजे घालता घालता सांगितलं. तिने रिक्षा यायच्या आत वहीत लिहिलं : ‘बाबा सकाळी १७१ सेंमी, रात्री १७० सेंमी. फरक १. बाबा दिवसभरात कमी होतात.’

वही परत आली. बाईंनी पेन्सिलीच्या गोलावर फुली मारली होती, कपाटाच्या अंदाजापुढे उद्गारचिन्ह, आणि शेवटच्या ओळीखाली लाल शाईत : ‘छान निरीक्षण! आता आईची उंचीही दोन वेळा मोजून आण.’

बायकोने ते वाचलं. ‘माझी एकदाच मोजायची,’ ती म्हणाली, ‘आणि सकाळीच. डोळे उघडल्याबरोबर.’

कन्या गजर लावायला गेली.