सर्वांच्या कन्सर्टेड प्रयत्नांनी

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी धुऊन झाली. कोणी धुतली ते माझ्या कमरेला विचारा. इंदिरानगरातली चार मजली इमारत, आणि गाळ उपसायला गच्चीवर मी आणि पैसे देऊन आणलेला एक पोरगा. तरी पार्किंगमधल्या सभेत सेक्रेटरी उठून म्हणाले, "सर्व सभासदांच्या कन्सर्टेड एफर्ट्समुळे टाकी स्वच्छ झाली. टाळ्या!" टाळ्या पडल्याही. तिसऱ्या मजल्यावाल्याने तर मान लववून त्या स्वीकारल्या.

मी म्हटलं, "साहेब, कन्सर्टेड म्हणजे अनेकांनी आधी ठरवून, मिळून केलेलं. एकट्याने कितीही घाम गाळला तरी तो कन्सर्टेड होत नाही."

"अहो, जोरदार म्हणायचं होतं. सगळे तसंच वापरतात."

वापरतात, हे खरं आहे. इंग्रजांच्या देशातही. म्हणून काय माझी कंबर त्यांच्या खात्यावर टाकायची? गाण्याच्या कन्सर्टचं आणि या शब्दाचं कूळ एकच. नाशिक ढोल ऐकलाय ना? पन्नास टिपरी, ठोका एक. आमच्याच बिल्डिंगमधले दोघे पथकात आहेत. गणपतीत तासन्‌तास ढोल कमरेला बांधून नाचतात, पण बादली म्हटली की मणक्यात गॅप!

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका चहाचा ग्लास खाली ठेवून उभे राहिले. सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेलं, शिवाय युनियनचे जुने खोड.

"सेक्रेटरी बरोबर बोलले," काका म्हणाले. "हा शब्द आमचा आहे. जुना औद्योगिक विवाद कायदा, 1947. कलम 2, पोटकलम क्यू. संपाची व्याख्या. त्यात 'कन्सर्टेड रिफ्युजल' आहे. म्हणजे सगळ्यांनी मिळून काम नाकारणं."

"पण काका, इथे..."

"ऐका. 2020 च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर पन्नास टक्के कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली, तरी तो संपच. आता मोजा. पहिल्या मजल्यावर पाहुणे, दुसऱ्यावर लग्न, तिसऱ्यावर कंबर, चौथा त्र्यंबकला. एकाच दिवशी! याच्याइतकं कन्सर्टेड मी ऐन उमेदीत गेटवरसुद्धा पाहिलं नाही." त्यांचा आवाज चक्क भरून आला.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"मी रिटायर्ड. रिटायर्ड माणसाला संप करता येत नाही," म्हणून त्यांनी ग्लास उचलला.

लोक हसले. मला हसू आलं नाही. दर वेळी हेच: जिना झाडा, मोटर बघा, प्लंबर शोधा, आणि आभार मात्र 'सर्वांचे'. त्या पोराची मजुरी, ब्रश, ब्लीचिंग पावडर, सगळं माझ्या खिशातून. पावत्या पुढे केल्या आणि म्हटलं, एवढं तरी मेंटेनन्समधून वळतं करा.

सेक्रेटरींनी पावत्या न बघताच परत दिल्या. "पुढच्या सभेत घेऊ. सर्वानुमते."