लेकराला सहा फेऱ्या, आणि म्हाताऱ्या माणसाला?

धारूरच्या बसस्टँडसमोरच्या कट्ट्यावर सप्टेंबर सरता सरता एकच विषय चालू असतो: कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, कधी निघणार. उचली, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमानं आगाऊ दिलेले पैसे, वाटून झालेल्या असतात. दिवाळी झाली की नवरा-बायको उसाच्या फडावर जातात आणि घरात उरतात आई-बाप. त्यांचं सहा महिने कोण पाहणार, यावर या वेळी वाद झाला. नाना तहसीलच्या संजय गांधी शाखेतून निवृत्त झालेले. ताई गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या) कामावर देखरेख करणाऱ्या. डॉक्टर फिजिओथेरपिस्ट. बाळू आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. बोलणं जसं झालं तसं, फक्त थोडं आवरून, इथं मांडतोय.

नाना ठामच होते. "योजना न्हाईत असं कुणी म्हणू नका. श्रावणबाळ हाय, संजय गांधी निराधार हाय, केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ हाय. महिन्याला १,५०० रुपये पडतेत. २०२३ च्या आधी हजारच होते."

"पडतेत, पण कुठल्या खात्यात?" बाळूनं विचारलं. "आता पैसे आधारावरून थेट जातेत. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि अनुदानासाठी ते खातं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, यादीत लागणं वेगळं. एका आधारावर एकच खातं लागतं, आणि शेवटी जे लागलं तेच चालतं. सुनेनं दुसऱ्या कामासाठी सासूचं नवं खातं काढलं, तिथं आधार लागला, की पेन्शन त्या खात्यात. म्हातारी जुनं पासबुक घेऊन बँकेत बसती आणि म्हणती, बंद झाली. बंद कुठं झाली? तहसीलला चकरा मारायच्या आधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायचं. बँकेचं नाव तिथंच दिसतं."

"आणि अंगठा?" एकानं विचारलं.

"जन्मभर खुरपं, कोयता धरलेल्या हाताच्या रेघा राहात्यात का? मशीनवर दहा वेळा बोट दाबलं तरी लागत नाही. डोळ्याचं स्कॅन जिथं हाय तिथं ते मागायचं. रेशनला स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला नेमून द्यायची सोय असती. पण ती दिवाळीच्या आधी करून ठेवावी लागती. लेक-सून गेल्यावर अर्ज कोण लिहिणार?"

नानांनी यावर एक मुद्दा स्वतःहून काढला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. लाडकी बहीण योजनेत वय २१ ते ६५ आणि कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. पासष्ट ओलांडले की ती रक्कम थांबते आणि बाईनं श्रावणबाळकडं वळायचं. तिथं मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे सगळ्या घराचे महिन्याला १,७५०. चौसष्टाव्या वर्षी जी बाई मदतीस पात्र होती, ती सहासष्टाव्या वर्षी, गरज वाढलेली असताना, अपात्र ठरू शकते. "म्हणून ज्या घरात बाई चौसष्टीची झाली, तिथं उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हे आधीच जमवा," नाना म्हणाले. "आणि दरवर्षी हयातीचा दाखला. तो चुकला की अनुदान थांबतं. त्याचा काळ जानेवारी ते मार्च, म्हणजे नेमका लेकरं फडावर असतानाचा."

इथवर कुणाचं भांडण नव्हतं. ताई बोलल्या तेव्हा वाद पेटला.

"नाना, पंधराशेचे तीन हजार करा. बाजेवरच्या माणसाला कूस कोण बदलून देणार? पैशाला हात नसतेत. लेकरू जन्मलं की आशाच्या फेऱ्या ठरलेल्या हायेत: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा फेऱ्या, त्याचे अडीचशे रुपये. प्रत्येक फेरीला काय बघायचं त्याचा फॉर्म हाय. फेरी चुकली तर मला जाब विचारतेत. म्हाताऱ्या माणसाला असा एक तरी दिवस ठरलाय का?"

"कार्यक्रम हाय की," नाना म्हणाले.

"हाय. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून हाय. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला बाह्यरुग्ण विभाग, उपकेंद्राच्या माणसानं अंथरुणावरच्यांच्या घरी जावं, सगळं लिहिलंय. आरोग्य मंदिराच्या, म्हणजे उपकेंद्राच्या दवाखान्याच्या, सूचनेत ज्येष्ठांचे तीन गट सांगितलेत: फिरणारे, हालचाल कमी झालेले, अंथरुणावरचे. आम्ही तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतो. त्यात म्हाताऱ्यांसाठी प्रश्न हायेत, उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, नावं विसरतात का. 'होय' असं लिहून घेतो. त्या 'होय'चं पुढं काय होतं ते सांगा."

कुणी बोललं नाही. बाळूनं सत्तरीपुढच्यांच्या वय वंदना कार्डाचं नाव काढलं: उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. डॉक्टरांनी लगेच थांबवलं. "ते दवाखान्यात भरती झाल्यावर. मांडीचं हाड मोडल्यावर कार्ड कामाला येईल. हाड मोडू नये म्हणून घरी यायला त्यातून कुणी मिळत नाही."

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण घरी जाणाऱ्या माणसानं नेमकं करायचं काय, हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही.

पहिली गोष्ट कूस. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवायचं. पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, नाहीतर खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागं गोधडीची गुंडाळी लावून साधारण तीस अंशांत कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं रोज बघायची. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. दाबल्यावर पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर भार काढल्यावर बरा होईल. दाबूनही लालच राहिला तर जखम आतून सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का ते हातानं बघायचं. त्या जागी तेल चोळायचं नाही, त्यानं खालचं नाजूक मांस आणखी दुखावतं. गोल चुंबळीसारखी उशी द्यायची नाही, तिच्या कडेवर रक्त अडतं.

"हवेची गादी?" बाळूनं विचारलं.

"चांगली असते, पण तिचा पंप चोवीस तास चालावा लागतो. वाडीवर लाईट गेली, गादी बसली, की माणूस सरळ बाजेच्या पट्ट्यांवर. गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडतात, तिथंच घात होतो."

दुसरी गोष्ट चालणं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा. पावती तीस दिवसांत दाखवायची असते. डॉक्टरांचा आक्षेप पैशावर नाही, मापावर आहे. वॉकर उंच असला तर खांदे वर चढतात, ठेंगणा असला तर माणूस पुढं झुकून पडतो. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथं येते तिथं मूठ हवी, आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. पायांना छिद्रं असतात, बटण दाबून उंची बदलते. घरोघरी ती कारखान्यातून आली तशीच असते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलटी धरतात. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की शहाबादी फरशीवर ती घसरते. हे रबर अगदी स्वस्त आहे, आणि ते बदलायला कुणी नाही म्हणून माणसं पडतात. श्रवणयंत्राची छोटी बॅटरी एक-दोन आठवड्यांत संपते. तालुक्याहून नवी आणणारा लेक साखर कारखान्यावर असला तर यंत्र ट्रंकेत जातं.

रात्रीच्या पडण्याचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं: संडास अंगणापलीकडं, उंबरठा उंच, आणि दिवा नाही. पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला पकडायला दांडी, कमी वॅटचा रात्रभर चालणारा बल्ब, आणि रात्रीपुरती कमोड खुर्ची बाजेशेजारी. एवढ्यानं पुष्कळ टळतं.

तिसरी गोष्ट गोळ्या आणि जेवण, आणि ताईंच्या मते सगळ्यांत जास्त चुका इथं होतात. उपकेंद्रातून बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात. सून असते तोवर दोन वेळची भाकरी असते. ती गेली की म्हातारी सकाळी चहा घेते आणि गोळी मात्र ठरल्याप्रमाणे. ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी पोटात आणि वर अन्न नाही, की साखर घसरते: घाम, थरथर, बरळणं. लोकांना वाटतं बाधा झाली किंवा म्हातारपण आलं. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग भाकरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. सून जायच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते का ते पाहावं, असं ताईंचं म्हणणं होतं.

"मग हे काम लेकांचंच की," नाना पुन्हा मुळावर आले. "कायदा हाय. २००७ चा. प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अर्ज करायचा, नव्वद दिवसांत निकाल, दहा हजारापर्यंत पोटगी. लातूर जिल्हा परिषदेनं तर २०२० साली आई-बापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापायचं ठरवलं."

"पगारवाल्याला ते बरोबर हाय," ताई म्हणाल्या. "ज्यानं जमीन लिहून घेऊन बापाला हाकललं त्यालाही बरोबर, त्या कायद्यात असं बक्षीसपत्र रद्द करता येतं. पण आपल्या गावातला लेक बापाला टाकून गेला नाही. उचल फेडायला गेलाय. त्याच्यावर केस कशाची करता? तो तिकडून रोज फोन करतो. फोननं कूस बदलत नाही."

मी ताईंच्या बाजूचा आहे. पोटगी आणि पेन्शन दोन्ही रकमाच आहेत. त्या हव्यातच, पण घरात येणारं माणूस ही वेगळी सेवा आहे आणि ती सरकारनं वेगळी मोजली पाहिजे. केरळात २००८ साली परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचा त्रास कमी करणं) धोरण झालं आणि पंचायतीच्या खर्चानं नर्स गाडी घेऊन अंथरुणावरच्यांच्या घरी जाऊ लागली, सोबत आशा आणि स्वयंसेवक. तामिळनाडूनं ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली, त्यातच घरी फिजिओथेरपीही. जपानात २००० पासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून विम्याचा हप्ता घेतात, गरजेच्या सात पायऱ्या ठरवतात आणि पायरीप्रमाणे आठवड्याच्या फेऱ्या देतात. आपल्याला जपानचा पैसा परवडणार नाही, पण आधी माणसाची गरज मोजायची आणि मग फेऱ्या ठरवायच्या, ही रीत परवडते.

बाळूनं कागदावर हिशोब मांडला. दोन हजार वस्तीचं गाव. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे सुमारे दहा टक्के, म्हणजे दोनशे माणसं. त्यातली बारा जण हंगामात एकटी आणि मदतीवाचून न चालणारी, असं धरलं. हा आकडा गावागणिक बदलेल. आठवड्याला दोन फेऱ्या, प्रत्येकी पाऊण तास: आठवड्याला चोवीस फेऱ्या, अठरा तास. नोव्हेंबर ते एप्रिल सव्वीस आठवडे, म्हणजे ६२४ फेऱ्या. फेरीला साठ रुपये धरले तर ३७,४४०. ताई साठला तयारच नव्हत्या. चालत जाणं, अंघोळ घालणं, धुणं याचे शंभर तरी हवेत. मग ६२,४००.

"दोन तासाला कूस, आणि फेरी आठवड्यातनं दोनदा? बाकीचं कोण करणार?" नानांचा प्रश्न रास्त होता. ताईंचं उत्तर असं: फेरीवाली बाई कूस बदलायला नसते, ती शेजारणीला, पाठीमागं राहिलेल्या नातवाला, म्हाताऱ्या जोडीदाराला शिकवायला आणि जखम वेळेत धरायला असते. ज्याच्या घरात दुसरं कुणीच नाही त्याला दोन फेऱ्या पुरणार नाहीत. त्याची नोंद वेगळी करावी लागेल. पुरुषाच्या अंघोळीचा प्रश्नही उरतोच. बाप्ये सगळे फडावर, आणि म्हातारा परक्या बाईकडून अंघोळ घेत नाही.

पैसा कुठून, यावर नानांनी आयुष्यभराचा अनुभव लावला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत, २०२१ ते २०२६ साठी, साठ टक्के बंधित होते, ते पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेले चाळीस अबंधित, पण पगार-आस्थापनेवर चालत नव्हते. "ठरावात 'मानधनावर महिला नेमणे' लिहिलं की लेखापरीक्षणात आक्षेप आलाच म्हणून समजा. 'घरभेट सेवा, प्रति फेरी दर, ग्रामसंघामार्फत' असं लिहा. तरीही आक्षेप येऊ शकतो. म्हणून पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतनं करा. दिव्यांगांसाठीचे पाच टक्के असतेतच, अंथरुणावरच्या कित्येकांचं दिव्यांग प्रमाणपत्र निघू शकतं, ते कुणी काढत नाही."

ग्रामसंघ म्हणजे उमेदच्या, राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या, बचत गटांचा गावातला संघ. त्याच्याकडं अतिगरजू घरांसाठी जोखीम निधी असतो, तोही जोडता येईल, असं बाळूचं मत पडलं.

देखरेख कुणाची, यावर शेवटपर्यंत जमलं नाही. ताई म्हणतात उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, कारण जखम आणि गोळी ग्रामसेवकाला कळत नाही. नाना म्हणतात ग्रामपंचायतीची, कारण पैसा ज्याचा, वही त्याची. वहीचे रकाने मात्र तिथंच ठरले: नाव, वय, तीनपैकी कुठला गट, घरात मागं कोण राहणार, लेकाचा आणि मुकादमाचा फोन, कोणत्या गोळ्या आणि त्या कधी संपतात, पेन्शन कुठल्या बँकेत, रेशन आणणारं कोण, शेजारचं कुलूप नसलेलं घर कुणाचं, आणि फेरीची तारीख. यादी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचायची. त्या दिवशी लेक-सुना गावातच असतात, रकाने त्यांच्याकडूनच भरून घेता येतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला सांगायला कुणी नसतं.